दोन कळश्यांचा सूड

क्षयाच्या माणसाला डॉक्टर चार गोष्टी सांगतात: इंजेक्शनं, गोळ्या, दूध-अंडी आणि मोकळी हवा. पाचवी कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. एक शत्रू ठेवा. शक्यतो शेजारचाच ठेवा, म्हणजे त्याला आठवायला लांब जावं लागत नाही. ज्या सकाळी गोळ्यांनी पोटात ढवळतं आणि अंड्याच्या वासानंही मळमळतं, त्या सकाळी त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचा आणि अंडं गिळायचं. मी असाच बरा झालो. औषधांचा हात होता, नाही असं नाही. पण गोळी तोंडाजवळ नेणारा हात रागाचा होता.

तुमच्यापैकी ज्यांनी नुकताच आपल्या छातीचा फोटो उजेडाकडे धरून पाहिला असेल, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. घाबरलेल्या माणसाला धीर देणारे पुष्कळ भेटतात. मी तुम्हाला थोडा राग देतो.

फोटो

घाटकोपरला डोंगराच्या उतारावर आमची चाळ. एक मजला, दोन्ही बाजूंना खोल्या, समोर सामाईक गॅलरी, खाली अंगण आणि अंगणात सगळ्यांना मिळून एक नळ. सकाळी पाणी यायचं, आलं तसं जायचं. राहणारे बहुतेक मालवणकडचे. मी साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये लेथ मशिनवर टर्नर होतो. पण चाळीतला माझा मान लेथवर अवलंबून नव्हता. तो माझ्या आवाजावर होता. दशावतारात मी संकासुर राक्षस करायचो, आणि शिमग्याला होळीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचो तेही मीच.

ज्यांना गाऱ्हाणं ठाऊक नाही त्यांच्यासाठी: एक जण सगळ्यांच्या वतीनं देवाला खणखणीत आवाजात मागणं सांगतो. प्रत्येक मागण्याच्या शेवटी 'म्हाराजा' येतं, आणि जमलेले सगळे एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. आमच्या माणसाला झोपेतून उठवून कानात 'म्हाराजा' म्हटलं तरी तो 'व्हय म्हाराजा' म्हणून परत झोपेल. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

एकाहत्तर सालच्या नवरात्रात मला संध्याकाळचा ताप यायला लागला. मग खोकला. मग एक दिवस वर्कशॉपमध्ये रुमालावर लाल ठिपका दिसला, आणि मी तो रुमाल खिशात असा कोंबला, जणू दुसऱ्या कोणाचा होता.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी फोटो खिडकीला लावला. माझी बायको इंदू शेजारी उभी होती.

"हे पांढरं दिसतंय ना, हा क्षय," बाई म्हणाल्या. "औषधं आहेत. वर्ष-दीड वर्ष घ्यावी लागतील. आणि ओरडायचं नाही, गायचं नाही."

"देवाशी बोललं तर?"

"हळू बोला. त्याला ऐकू येतं."

इंदू हसली नाही. बाहेर आल्यावर तिनं एवढंच विचारलं, "चाळीत काय सांगायचा?"

"दमा."

"दमा," ती म्हणाली. दोनतीन वेळा स्वतःशीच म्हणून पाहिलं, नव्या चपला पायात घालून पाहावं तसं. मग आम्ही घरी गेलो.

बाईंनी सांगितलेल्या दोन गोष्टी या कथेला लागतात. पहिली: खिडक्या उघड्या ठेवा, मोकळी हवा पाहिजे. दुसरी: इकडेतिकडे थुंकायचं नाही, झाकणाचा डबा घ्या, त्यात फिनेल घाला. इंदूनं बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. झाकण सैल होतं आणि आमची बेबी तेव्हा सगळं उघडून पाहायच्या वयाची. म्हणून मी वर्कशॉपमधून आणलेल्या लाल वायरनं तो डबा घट्ट बांधायचो. तो गॅलरीत तुळशीच्या कुंडीमागे असायचा.

पत्र्याचा डबा. लाल वायर. आडोसा. वाचक शहाणे आहेत.

कागद आणि हवा

डिसेंबरात युद्ध सुरू झालं.

आता लोक युद्धाची गोष्ट सांगताना छाती पुढे काढतात. तेव्हा आमच्या सगळ्यांच्या छातीत धडधड होती, माझ्या छातीत तर बाकीही पुष्कळ होतं. खिडक्यांना काळे कागद, काचांवर चिकटपट्ट्या, बल्बवर टोपलीसारखी टोपी. भोंगा वाजला की दिवे बंद. विमानांची भीती होतीच, पण विमान निदान वरून येतं आणि आवाज करतं. खरी भीती होती ती आपल्यातच मिसळलेल्या माणसाची. कोणी म्हणे घातपाती लोक शहरात उतरलेत, दूधवाल्याच्या वेषात फिरतात. कोणी म्हणे रस्त्यात पडलेलं पेन उचलू नका, फुटतं. कोणी म्हणे डोंगरावरून बॅटरीनं विमानाला खुणा करतात. आमचा डोंगर म्हणजे काय, दोन बोरीची झाडं आणि चार बकऱ्या. पण संध्याकाळ झाली की चाळ त्या बकऱ्यांकडेही संशयानं बघायची.

माणसं भीतीचं काय करतात हे मी त्या दिवसांत जवळून पाहिलं. तळमजल्यावरचे तात्या, गिरणीतून निवृत्त झालेले, चाळीतले सर्वांत वडील, ते भोंगा वाजला की रामरक्षा म्हणायचे. बायका संध्याकाळच्या आत भाकऱ्या उरकून एकाच खोलीत जमायच्या आणि एकमेकींना माहेरच्या भुतांच्या गोष्टी सांगायच्या, म्हणजे त्या भीतीपुढे ही भीती फिकी पडे. आणि दाजीनं शिट्टी विकत आणली.

दाजी आमच्या ओळीत शेवटच्या खोलीत राहायचा. एका कचेरीत शिपाई. एरवी नळावर स्वतःची बादली पुढे सरकवण्यापलीकडे त्याला काही महत्त्वाकांक्षा नव्हती. युद्धानं त्याचा मोठा माणूस केला. दंडाला पट्टी, गळ्यात शिट्टी, हातात निळा कागद लावलेली बॅटरी. अर्ध्या विजारीत तो गॅलरीतून असा फिरायचा, जणू सीमेवरची सगळी फौज त्याच्या हुकमाची वाट बघत थांबली आहे.

त्याची आणि माझी जुंपली ती खिडकीवरून.

"वसंता, खिडकी लाव!"

"दिवा बंद आहे रे. अंधारात बसलोय. हवा पाहिजे मला."

"आख्ख्या चाळीच्या खिडक्या बंद, आणि तुलाच बरी हवा लागते? अंधारात उघड्या खिडकीत बसून करतोस काय तू?"

"खोकतो."

"तेच म्हणतो मी. तीन वेळा खोकलास, थांबलास, परत दोन वेळा. कोणाला खुणा करतोस?"

मी हसलो. तिथे चुकलं. घाबरलेल्या माणसाला हसू नये, तो ते विसरत नाही. दुसऱ्या दिवसापासून चाळीत कुजबुज सुरू झाली की वसंताचा दमा काही साधा नाही, तो ठेक्यात खोकतो.

डबा

दोनच दिवसांनी संध्याकाळी भोंगा वाजला तेव्हा मी दारात पाटावर बसलो होतो. इंदूनं बेबीला पोटाशी घेतलं होतं. चाळ एकदम काळी झाली. मग दाजीच्या चपला आल्या, फट् फट्, आणि बॅटरीचा निळा डाग भिंतीवरून, दारांवरून, तुळशीवरून सरकत आला आणि कुंडीमागे थांबला.

दाजीचा श्वास मला ऐकू आला. नंतर जी किंकाळी आली, तशी मला संकासुर करतानाही कधी जमली नव्हती.

"बॉम्ब! वायरी लावलेल्या हत! पळा!"

तुम्ही कधी लाकडी जिन्यावरून एकदम चाळीस माणसं उतरताना ऐकली आहेत? मी बसल्या जागी ऐकली. मला पळता येत नव्हतं. मी जीव खाऊन ओरडलो, "अरे, तो माझा डबा आहे! माझा!"

अंगणातून कोणीतरी म्हणालं, "ऐकलंत? कबूल झाला!"

आता दाजीचं शौर्य ऐका. तो जिन्यापर्यंत पळाला होता. पण खाली सगळी चाळ वर बघत उभी, आणि दंडावर पट्टी. परत यावंच लागलं. त्यानं कपडे वाळत घालायची लांब काठी घेतली, खांबाआड उभा राहिला, डोळे मिटले आणि डबा ढोसला. डबा कठड्याखालून घरंगळला आणि थेट अंगणात पडला. झाकण उडालं. फिनेलचा वास वरपर्यंत आला.

भोंगा परत वाजला, धोका टळल्याचा. दिवे लागले. सगळी चाळ अंगणाच्या कडेला भिंतीला चिकटून उभी आणि मध्ये माझा डबा, आणि डब्यातलं माझं सगळं गुपित फरशीवर.

आधी कोणाला कळेना. मग तात्या पुढे झाले, वाकून पाहिलं आणि हळूच मागे सरले. त्यांचा थोरला भाऊ याच रोगानं गेला होता.

"दमा नाय हो," ते म्हणाले.

बॉम्ब निघाला असता तर बरं झालं असतं, असं काही चेहऱ्यांवर स्पष्ट दिसत होतं. मला वाटलं दाजी आता खजील होईल. भर चाळीसमोर त्यानं आजाऱ्याचा थुंकीचा डबा काठीनं मारला होता. पण खजील होण्यापेक्षा सोपं काहीतरी त्याला सापडलं. तो कठड्यावर वाकून म्हणाला, "बॉम्ब एकदाच फुटता. ह्यो रोज फुटतलो."

आणि माणसं हसली नाहीत. त्यांनी मान डोलावली.

नळ

दुसऱ्या दिवशी सकाळी इंदू कळशी घेऊन नळावर गेली. दाजी तिथे शिट्टी घालून उभा.

"वहिनी, तुमी शेवटी. सगळ्यांचा भरून होऊ दे. कळशीचा तोंड नळाक लागता, पोरांबाळांचा घर आसा."

ती शेवटी थांबली. तिची पाळी आली तेव्हा नळातून फक्त हवा येत होती. त्या दिवसापासून ती खाली तबेल्याजवळच्या विहिरीवरून पाणी आणायची. डोक्यावर एक कळशी, कमरेवर एक, आणि पदराला धरून बेबी. चढ मोठा होता. वर येऊन ती कळशी टेकवायची आणि लगेच चूल पेटवायची. मी खाटेवरून बघायचो. पाणी भरायची ताकद नाही आणि भांडायला श्वास नाही.

हे लपवत नाही: त्या दिवसांत आमचं एकदा कडाक्याचं भांडण झालं. "मेलो असतो तर सुटली असतीस," मी म्हणालो. आजारी माणसं असलं बोलतात, समोरच्यानं 'असं बोलू नका' म्हणावं म्हणून. इंदू कणीक मळत होती. ती म्हणाली, "मेला असतात तर तेराव्याक पाणी कोणी आणला असता?" आणि मळत राहिली. मला त्या क्षणी फार राग आला. आज वाटतं, रडली असती तर मी नक्की मेलो असतो.

त्याच आठवड्यात क्षयाच्या इस्पितळात खाट रिकामी झाल्याचा निरोप आला. मी ट्रंक घेऊन जिना उतरलो तेव्हा दारं एकामागून एक बंद होत गेली. अंगणात थांबून मी नळाकडे पाहिलं. हात जोडले नाहीत. एवढंच ठरवलं की परत यायचं आणि दाजीला बघून घ्यायचं. कसं ते ठाऊक नव्हतं. पण बरं व्हायला मला कारण मिळालं होतं.

पास्कल

इस्पितळाचा दिनक्रम सगळीकडे सारखाच असतो. तापमापी, इंजेक्शन, दूध, सक्तीची झोप, तापमापी. रोज सकाळी इंजेक्शनची बाजू बदलायची, डावी की उजवी हे सिस्टरपेक्षा तुमच्या कमरेला जास्त ठाऊक असतं. तुम्हीही शिकाल.

माझ्या शेजारच्या खाटेवर पास्कल होता. मरोळच्या गावठाणातला ख्रिस्ती, भातशेती करणारा, हाडापेराचा मोठा माणूस. रोगानं आतून पोखरला तरी बाहेरून दरवाज्यासारखा दिसायचा. त्याची मराठी माझ्यापेक्षा जुनी होती.

पहिल्याच संध्याकाळी भोंगा वाजला. सिस्टरनं दिवे घालवले आणि चालू शकणाऱ्यांना खाटेखाली जायला सांगितलं. मी खाली शिरलो आणि मला खोकल्याची उबळ आली, आणि त्या उबळीबरोबर दाजीचे शब्द आले: कोणाला खुणा करतोस? मी तोंडात चादर कोंबली. तोपर्यंत मी युद्धाला असा भ्यायलो नव्हतो. त्या खाटेखाली भ्यायलो. विमानाला नाही. माझ्या खोकल्याला भ्यायलो, की तो ऐकून कोणीतरी परत माझ्याकडे बोट करील.

शेजारच्या खाटेखालून एक भला मोठा हात आला आणि त्यानं माझ्या तोंडातली चादर ओढून काढली.

"खोक रे," पास्कल म्हणाला. "मना पण येतोय. चल, दोघं मिळून खोकू."

आणि तो खोकला. मग मी. मग पलीकडचा. थोड्या वेळात अख्खा वॉर्ड अंधारात खोकत होता आणि मध्येच कोणीतरी हसत होतं.

"अरे, इथं बॉम्ब टाकायला कोण येल?" पास्कल म्हणाला. "ज्यांच्यात आधीच पडलाय, त्यांच्यावर परत कोण वाया घालवील?"

युद्ध दोन आठवड्यांत संपलं. शहरातल्या खिडक्यांचे कागद निघाले. इंदू भेटायला आली तेव्हा मी पहिला प्रश्न नळाचा विचारला.

"शेवटीच," ती म्हणाली. "युद्ध संपला, पण दाजीची शिट्टी गळ्यातच आसा."

"बघतो मी त्याला."

"तुमी आदी वजन वाढवा. मग कोणाची मानगूट धरूची ती धरा. असल्या हातांनी पोळी पण धरवत नाय तुमच्यान."

बेबीला आत सोडत नसत. ती फाटकाबाहेर उभी राहायची आणि मी वरून हात हलवायचो. ती हात हलवायची नाही. रुसलेली असायची. निघताना मात्र वळून बघायची, एकदाच.

दुपारच्या सक्तीच्या झोपेत पास्कल आणि मी दाजीचा सूड रचायचो. मी सुचवायचो: त्याच्या माठात फिनेल. त्याच्या दाराशी लाल वायर बांधलेला डबा. त्याची शिट्टी घेऊन ती त्याला गिळायला लावणं. पास्कल सगळं ऐकून घ्यायचा आणि मान हलवायचा.

"पोरांचे खेळ हे. मारलेला माणूस आठ दिवसांत विसरतो. माझ्या चुलतभावानं शेताचा बांध सरकवला होता. मी कोयता घेऊन निघालेलो. गावच्या जाणत्यांनी अडवलं आणि त्याला काय सांगितलं ठावं हाय? ह्या हंगामात आधी पास्कलचा भात कापायचा, मग आपला. वाकून वाकून कापला त्यानं. मी बांधावर बसून बघत होतो." तो डोळे मिटून हसला. "काय सांगू तुना, असा भात मी कधी खाल्ला नाय."

मी उठून बसलो. सिस्टर ओरडली, "झोपा!" मी झोपलो. पण कसं करायचं ते मला तेव्हाच सुचलं.

त्या दिवसापासून मी चादरीखाली गाऱ्हाणं म्हणायला लागलो. ओठांतल्या ओठांत. सुरुवातीला एका श्वासात अर्धं मागणंही पुरं होईना. मग एक झालं. उन्हाळ्यात दोन. डॉक्टरांचे फोटो नंतर यायचे, मला आधीच कळायचं की छातीतली जखम किती भरली आहे. आणि प्रत्येक 'म्हाराजा'ला शेजारच्या खाटेवरून ख्रिस्ती आवाज यायचा, "व्हय म्हाराजा!" मी त्याला शिकवलं होतं.

पास्कल पावसाळ्यात गेला. तुम्हाला खोटा धीर देणार नाही, काही जण जातात. मी इंजेक्शन घेऊन परत आलो तर त्याच्या खाटेवर नवी चादर होती, कडक इस्त्रीची. त्या दिवशी मला इतका राग आला की मी दोन अंडी खाल्ली, माझं आणि त्याचं.

व्हय म्हाराजा

मी घरी आलो तेव्हा थुंकीत काही उरलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी तसं सांगितलं, आणि गोळ्या चालू ठेवायला बजावलं. चाळ माझ्याशी दोन हात लांबून बोलायची. नळावर इंदू अजून शेवटीच. नियम कोणी केला, का केला, सगळे विसरले होते, नियम तेवढा उरला होता. मी खाली मान घालून जायचो-यायचो. 'आजारानं वसंता गरीब झाला,' असं बायका म्हणायच्या. झालो होतो ना! संकासुर मुखवटा घालायच्या आधी किती गरीब दिसतो.

शिमगा आला. अंगणात होळी रचली. आदल्या वर्षी माझ्या जागी दाजीनं गाऱ्हाणं घातलं होतं, आणि घाबरून मध्येच विसरला होता, असं कळलं. या वर्षी तो नारळ हातात घेऊन उभा राहिला, घसा खाकरला, पण तात्यांनी काठी आडवी केली.

"दाजी, तो नारळ वसंताकडे दी."

"तात्यानू, तेची छाती—"

"तेची छाती तेका सांभाळू दे. गेल्या वर्षी देवाक अर्धाच कळला."

लोक हसले. दाजीनं नारळ माझ्या हातात दिला, बोटाला बोट लागू न देता. मग तो माझ्या समोरच, पहिल्या रांगेत उभा राहिला. पहिल्या रांगेशिवाय तो कुठेच उभा राहत नसे.

मी होळीकडे तोंड केलं. छातीत हवा भरली. उजव्या बाजूला, जिथे तो पांढरा डाग होता तिथे, थोडं ओढलं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या शिमग्याच्या दिसाक तुझी सगळी लेकरां हात जोडून उभी रवली असत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेंच्या नोकरी-धंद्याक यश दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण परीक्षेक बसलो आसा तेका पास कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

चाळीला लय सापडली. माणसं डोलायला लागली. लग्नांचं मागून झालं, पाऊसपाण्याचं झालं, वाकड्या नजरा परतवून झाल्या. सगळ्यांत मोठा आवाज दाजीचा; माझ्या प्रत्येक 'म्हाराजा'वर तो तुटून पडत होता.

आणि नेमका तेव्हा माझ्या घशात खाजलं.

खोकलो असतो तर सगळं संपलं असतं. ती गर्दी पाखरांसारखी उडाली असती, आणि मी जन्मभर त्या चाळीतला क्षयी राहिलो असतो. मी डोळे मिटले. पास्कलचा हात आठवला. लाळ गिळली. एकदा, दोनदा. लोक वाट बघत होते. खाज खाली गेली. उरलेला सगळा श्वास मी एकत्र केला.

"आणि म्हाराजा, युद्धाच्या दिसात जेना भियान आजारी माणसाच्या घरचा पाणी बंद केल्यान, तेना उद्यापासून येतल्या शिमग्यापर्यंत, रोज सकाळी, दोन कळश्यो पाणी, आपल्या हातान, त्या घराच्या उंबऱ्यात नेऊन ठेवूक व्हये, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळी चाळ गरजली. सर्वांत वर दाजीचा आवाज होता, छाती फुगवून, हात जोडून.

मग होळीतलं एक लाकूड तडतडलं. दाजीचं तोंड अजून उघडंच होतं. त्यातून काय बाहेर पडलं ते त्याच्या कानापर्यंत आत्ता पोचत होतं. वरच्या गॅलरीतून एक बाई फिसकन हसली. मग दुसरी.

"ह्या... ह्या काय गाऱ्हाण्यात बसता?" दाजी म्हणाला. "तात्यानू, ह्येना फसवल्यान!"

तात्यांनी काठीवर दोन्ही हात ठेवले.

"तुझा नाव घेतल्यान?"

"नाय."

"मग तुका कसा कळला?"

दाजीनं गळ्यातली शिट्टी चाचपली.

"होळयेम्होरे व्हय म्हटलंस. आमीपण म्हटला. आता उलटलंस तर तुझा तू बघ, आमच्या पोरांबाळांवर आणू नको." मग ते माझ्याकडे वळले. "नारळ फोड रे, वसंता."

मी नारळ फोडला. एका घावात. मग पोरांनी होळीभोवती बोंबा मारल्या, आणि इंदूनं, शिमग्याला कधीही तोंड न उघडणाऱ्या इंदूनं, गॅलरीत उभी राहून तोंडावर हात ठेवला आणि सगळ्यांत लांब बोंब मारली.

शेवटचं औषध

दाजीनं पाणी भरलं. देवाला भिऊन भरलं, बायकोच्या टोमण्यांना भिऊन भरलं, माझ्यासाठी नक्कीच भरलं नाही. रोज सकाळी नाकाला रुमाल बांधून तो जिना चढायचा, हात लांब करून कळशी उंबऱ्यात ठेवायचा आणि उडी मारून मागे व्हायचा. इंदूची नळावरची पाळीही आपोआप पुढे सरकली. त्याच्या हातातल्या आमच्या कळशीला 'शेवटी थांब' कोण म्हणणार?

एका सकाळी कळशी ठेवून तो घुटमळला. रुमालाआडून म्हणाला, "वसंता, त्या संध्याकाळी माझी पण फाटली होती रे. डबा बघून मीच आधी जिन्याकडे पळालो. कोणाला सांगणार?"

हे तो खरं बोलत होता. युद्धात आम्ही सगळेच भ्यायलो होतो. फक्त त्यानं आपली भीती उचलून माझ्या उंबऱ्यात आणून ठेवली होती, आणि मला वर्षभर ती उचलावी लागली. चांगल्या माणसानं इथे उठून त्याला मिठी मारली असती.

"ठाऊक आहे," मी म्हणालो. "दुसरी कळशी आण."

तुम्ही विचाराल, माफ केलंस का? नाही. बरा झालो. दोन्ही एकदम करायला पाहिजे असं कोणी सांगितलं आहे? डॉक्टरीणबाईंनी तर नाही.

आणि एक सांगायचं राहिलं. माझा फोटो तोवर स्वच्छ झाला होता, खोकला येत नव्हता. पण दाजी कळशी घेऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर आला, की मी पाटावर ताठ बसायचो, संकासुराचा श्वास भरायचो आणि दशावतारात शिकलेला, तिसऱ्या गल्लीपर्यंत जाणारा खोकला सोडायचो. तीन वेळा, थांबून दोन वेळा. ठेक्यात.

दाजी दचकायचा. अर्धी कळशी जिन्यावर.

"सांडलं, दाजी," मी म्हणायचो. "परत भर."

आतून इंदू हसू दाबत म्हणायची, "पुरे ओ आता."

"पुरे कसं?" मी म्हणायचो. "शिमगा अजून लांब आहे."